पाहुण्यांसाठी बंद केलेली पावडर

कवडूला हलगर्जी म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्याच्या मागोमाग पाण्याच्या टाकीवर चढून दाखवावं. लोखंडी शिडी, तिच्या वरच्या चार पायऱ्या गंजलेल्या, आणि एका हातात पावडर कालवलेल्या पाण्याची बादली. मी नोकरीत नवी असताना एकदा हौसेनं चढायला गेले आणि अर्ध्यातून रडकुंडीला येऊन उतरले. कवडू एकोणीस वर्षं रोज चढला. अंगात ताप असताना चढला, पोरीच्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या हातांनी चढला. आणि त्याच्या नावापुढे शेवटी काय लिहिलं गेलं? ‘कर्तव्यात कसूर.’ ज्यांनी हे लिहिलं, त्यांना टाकीची शिडी कोणत्या बाजूला आहे हेसुद्धा सांगता आलं नसतं.

मी पिंपळटोल्याच्या उपकेंद्राची नर्स. लाखांदूरहून एसटीनं पाऊण तास, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि मग गावाची पाटी: ‘हागणदारीमुक्त गाव’. पाटीच्या मागे दहा पावलांवर काय असतं ते तिथून नाक दाबून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संडास घरोघरी आहेत, खोटं कशाला बोलू. पण निम्म्या संडासांत धानाचं तणस आणि सरपण भरून ठेवलेलं. मी नऊ वर्षं इथे आहे, बदली मागितली नाही. याला काही लोक सेवाभाव म्हणतात, माझा नवरा आळस म्हणतो. गाव मला ‘सिस्टर’ म्हणतं.

कवडू ग्रामपंचायतीचा पाणीवाला. सरकारी कागदात त्याचं नाव ‘जलसुरक्षक’ असं भारदस्त आहे, पण माणूस पाच फूट उंच, काटकुळा, कायम कपाळाला आठी. पहाटे मोटार लावायची, टाकी भरायची, ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. अर्धा तास थांबून मग वाल्व सोडायचा. त्यानंतर गावातल्या अगदी शेवटच्या नळावर जाऊन काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की पावडर शेवटपर्यंत पोचली. नाही झालं, तर पुन्हा शिडी.

या कामाबद्दल त्याला गावाकडून काय मिळालं, तर शिव्या. “चहाची चवच गेली.” “भाताले दवाखान्याचा वास येते.” एका बाईनं त्याच्या समोर पेला पालथा केला होता. कवडूचं उत्तर ठरलेलं, “वास येते म्हंजे पाणी चांगलं आहे.” तेवढं बोलून तो सायकलला टांग मारायचा.

कोरोनाच्या काळात मात्र सगळ्यांना त्याची आठवण झाली. जो तो युद्धाची भाषा बोलत होता, आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गल्लोगल्ली फिरायला एकटा कवडू. ज्या घरात पेशंट निघाला त्या घराच्या कवाडाला हात लावायला सख्खे भाऊ तयार नव्हते, तिथे हा जायचा. युद्ध संपल्यावर सरपंच पुंडलिकरावांनी त्याला शाल घातली, ‘कोरोना योद्धा’ असं प्रमाणपत्र दिलं. त्या कार्यक्रमाला कवडू अर्धा तास उशिरा आला, कारण वाल्व बंद करायला दुसरं कोणी नव्हतं. लढाईला माणूस हवा असतो, एरवी त्याचा वास येतो, असा एकूण आमचा हिशोब.

आता पाइपाची गोष्ट सांगते, कारण सगळं मरण तिथे आहे. आटाचक्कीजवळ पाण्याचा पाइप नालीच्या पोटातून जातो. ज्यानं तो तसा टाकला त्याला माझा दंडवत. तिथला एक जोड तीन वर्षांपासून गळत होता. नळ चालू असले की त्यातून पाणी बाहेर येतं, ते दिसतं. पण नळ बंद झाले की रिकामा पाइप नालीतलं पाणी आत ओढतो, ते कोणाला दिसत नाही. कवडूनं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जोड बांधला आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज दिला. एक नाही, चार अर्ज. ग्रामसेवकानं चारही फायलीला लावले. पाइप बदलेपर्यंत आपल्या हातात पावडर तेवढी आहे, असं कवडू म्हणायचा.

आणि तीच पावडर मंडईच्या वेळी बंद झाली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर बाजार, दंडारीचा नाच-खेळ, संध्याकाळनंतर नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लेकी-जावई, विहीण-व्याही, लग्नाच्या पोरापोरींना पाहायला आलेले लोक. एका एका घरात पंधरा पंधरा माणसं. मंडईला आलेल्या सोयऱ्यानं नाव ठेवलं तर ते वर्षभर पुरतं. त्याच्या आदल्या वर्षी कोणा पाहुण्यानं पारावर बसून म्हटलं होतं, की पिंपळटोल्यात सोयरीक करावी, पण पाणी घरून न्यावं. गाव हसलं, आणि पुंडलिकरावांच्या ते जिव्हारी लागलं. या वेळी मंडईच्या आदल्या दिवशी त्यांनी कवडूला बोलावून सांगितलं, “तीन दिवस पावडर टाकू नको. पाहुण्यायले गोड पाणी पाजू.”

त्या तीन दिवसांत दंडारीच्या मांडवात पुंडलिकराव आणि त्यांचे प्रमुख पाहुणे काय पीत होते? आरओचं थंड पाणी. लाखांदूरहून गाडीनं मागवलेले बावीस कॅन. गोड पाणी गावासाठी.

इथे माझाही वाटा आहे, तो लपवणार नाही. कवडू त्या संध्याकाळी उपकेंद्रावर आला होता. म्हणाला, “सिस्टर, पावडर बंद ठेव म्हणून राहिले.” मी भाऊबीजेला माहेरी निघाले होते, बॅग भरत होते. म्हटलं, “मी बोलते सरपंचांशी.” आणि एसटी पकडली. मी बोलले नाही. फोन करायला दोन मिनिटं लागली असती. आजही त्या दोन मिनिटांचा मला संताप येतो, आणि तो दुसऱ्या कोणावर काढता येत नाही.

कवडूच्या घरी त्याची मुलगी मेघा, जावई निकेश आणि निकेशची आई सुलोचनाबाई असे तिघं आले होते. पवनीकडची माणसं, घर खटल्याचं. सुलोचनाबाई तशा वाईट नव्हत्या, पण जिभेला लगाम नाही. तीन दिवस गावात माणूस मावत नव्हता. नालीच्या काठी, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर, जिथे आडोसा मिळेल तिथे लोक बसत होते, कारण संडासांत तणस. नाली भरून वाहिली. चक्कीजवळचा जोड तिच्यात बुडाला, आणि टाकीत पावडर नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून हगवण आणि उलट्या सुरू झाल्या. मी पहिल्या बसनं परत आले तेव्हा उपकेंद्राच्या ओसरीवर चौदा माणसं पडलेली होती. संध्याकाळपर्यंत एकाहत्तर. शाळेच्या वर्गांत सतरंज्या टाकल्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या बांधल्या. लहान मुलं मी चमच्यानं मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी पाजून वाचवली, म्हातारी माणसं गाडीनं पुढे पाठवली. यातून सगळे उठले, एक सोडून.

सुलोचनाबाईंना पहाटेपासून त्रास होत होता. पण विहिणीच्या घरी हगवण लागली हे सांगायचं कोणाला? सोयऱ्याच्या दारात हातात टमरेल घेऊन आठ वेळा जायचं म्हणजे मरणाहून मोठी लाज. त्यांनी दुपारपर्यंत कोणाला कळू दिलं नाही. लुगडं धुवून स्वतःच वाळत घातलं. कवडूच्या बायकोनं, कुंताबाईनं, जेवायला हाक मारली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि डोळे खोल गेले होते. मला बोलावलं, मी धावत जाऊन त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. साखरेचा आजार आधीचाच. जिल्ह्याच्या गावी दोन दिवस झुंजल्या आणि गेल्या.

तालुक्याचं पथक पाण्याचा नमुना घ्यायला येणार म्हटल्यावर पुंडलिकरावांनी पहिली गोष्ट काय केली, तर माणूस चढवून टाकीत बादलीभर पावडर ओतवली. पथकाच्या नमुन्याचा अहवाल आला, ‘पिण्यास योग्य’. पण मी गावात परतले त्या सकाळीच, टाकीत पावडर पडायच्या आधी, चक्कीजवळच्या नळाची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवली होती. तिचा अहवाल आला, ‘पिण्यास अयोग्य’. एकाच गावाचं पाणी एकाच आठवड्यात अमृतही आणि विषही! मग कारण शोधणं भाग पडलं, आणि ग्रामसभा लावली.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव आणि ग्रामसेवक कवडूच्या घरी गेले. मी तिथेच होते, कुंताबाईलाही हगवण होऊन गेली होती, अजून अशक्तपणा होता म्हणून. ग्रामसेवकानं टाइप केलेला कागद पुढे ठेवला. ‘पावडरचा साठा संपला होता, वरून पुरवठा आला नव्हता.’ खाली कवडूची सही हवी.

“तुह्यावर काही येत नाही, माह्यावर काही येत नाही,” पुंडलिकराव म्हणाले. “नोकरी बी राहते. अन् जावयाले बी वाटते का सरकारचीच चूक होती.”

पुंडलिकराव हुशार माणूस. शेवटचं वाक्य त्यांनी उगाच नाही टाकलं. निकेशला अजून काही माहीत नव्हतं. आपली आई पाण्यानं गेली एवढंच त्याला ठाऊक होतं. सासऱ्यानं जाणूनबुजून पावडर टाकली नाही हे त्याला कळलं, तर मेघाचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

ते दोघं गेल्यावर कुंताबाई अंथरुणातून उठून बसली. “सही करून टाका जी,” ती म्हणाली. “मेलेलं माणूस परत येत नाई. पोरीचं घर त पाहा.”

कवडू सायकल काढून वाल्व बंद करायला गेला.  खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, करून टाकावी सही. इतकं सोपं होतं ते.

ग्रामसभेला पंचायतीचं अंगण भरलं होतं. एरवी कोरम होत नाही म्हणून सह्या घरी जाऊन घ्याव्या लागतात. निकेश आणि मेघा आले होते, आईचं कसं झालं ते कानानं ऐकायला. ग्रामसेवकानं तोच कागद वाचला, कवडूची सही अजून झालेली नसताना. साठा, पुरवठा, वरून, दिलगीर. लोक माना हलवत होते. प्रत्येकाला सुटल्यासारखं वाटत होतं, कारण पावडर नको म्हणून त्या अंगणातल्या निम्म्या तोंडांनी कधी ना कधी ओरड केली होती.

कवडू उभा राहिला. “साठा संपला नव्हता. दीड पोतं आहे खोलीत. चाबी ही घ्या, कोणीबी पाहून या.”

“कवडू, बस खाली,” पुंडलिकराव म्हणाले.

“बसतो जी. पयले बोलू द्या. तीन दिवस पावडर मी नाई टाकली. सरपंचसाहेबानं सांगतलं, नको टाकू. चक्कीपाशी पाइप गळते हे मले मालूम होतं. मालूम असून मी ऐकलं.”

“मी सांगितलं? कागद आहे का तसा?”

“कागद नाई जी. टाक म्हणाचा कागद असते. नको टाकू म्हणाचा कागद कोण देते?”

 निकेश उठला. तसा शांत पोरगा आहे, पवनीला खताच्या दुकानात बसतो. त्याचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

“मामाजी, तुमी काहून ऐकलं?”

कवडूनं त्याच्याकडे पाहिलं. इथेही त्याला पळवाट होती. सरपंचानं धमकावलं, नोकरीचा प्रश्न होता, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं.

“तुमची माय पोळ्याले आली होती,” तो म्हणाला. “म्हणे, या घरचं पाणी गळ्याखाली उतरत नाई. मेघा त्या रोजी चुलीपाशी बसून रडली. मले वाटलं, मंडईले त ईहीणबाईले चांगलं पाणी भेटावं. सरपंचानं सांगतलं नसतं, तरी मी कमीच टाकली असती. कायले लबाड बोलू?”

 निकेश म्हणाला, “आजपासून तुमच्या घरचं पाणी आमाले चालत नाई.” त्यानं मेघाचा हात धरला नाही, ओढलं नाही. नुसता निघाला. मेघा उठली, फाटकापर्यंत गेली, तिथे थांबली. बापाकडे वळून पाहील असं मला वाटलं. तिनं पदर सावरला आणि नवऱ्याच्या मागे गेली.

त्यानंतर ग्रामसेवक म्हणाला, “हे सगळं लिहायची गरज नाही.” तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी पुढे जाऊन त्याच्या वहीवर हात ठेवला. म्हटलं, “शब्द न् शब्द लिहा. आणि खाली माझाही जबाब लिहा, की कवडूनं मंडईच्या आदल्या दिवशी मला सांगितलं होतं आणि मी काही केलं नाही. पाइप नालीत आहे, चार अर्ज दिले होते, तेही लिहा.” बाया माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या घरांतून कोणी ना कोणी सलाईन घेतलेलं होतं. ग्रामसेवकानं लिहिलं. 

न्याय झाला असं वाटत असेल तर थांबा. सरपंचांबाबत ‘तोंडी आरोप, पुरावा नाही’. मला कारणे दाखवा नोटीस, ती मी भोगते आहे आणि भोगायलाच हवी. ग्रामसेवकाची बदली, ती त्यानं आधीच मागितली होती. आणि कवडूनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं म्हणून कवडू कामावरून कमी. त्या अख्ख्या अंगणात खरं बोलायला उठलेल्या पहिल्या माणसाविरुद्ध तेवढी पुराव्याची अडचण आली नाही!

एक गोष्ट तेवढी झाली. पाइप कागदावर आला, म्हणून तालुक्याच्या इंजिनिअरला यावं लागलं आणि खोदायचा हुकूम निघाला. महिना गेला, तेव्हा चक्कीजवळ माणसं कुदळी घेऊन उभी राहिली. सरपंच आले, नवा पाणीवाला आला. तो सरपंचांच्या नात्यातला. जोड नालीच्या गाळाखाली गाडला गेला होता. एका जागी खोदलं, पाइप नाही. दुसरीकडे खोदलं, गोटे. तिसऱ्या खड्ड्यात नालीचं पाणी भरलं. गावात पाइप नेमका कुठून गेला आहे, हे कोणत्याच नकाशात नव्हतं. शेवटी नव्या पाणीवाल्यानं मान खाली घालून कवडूला फोन लावला.

मला वाटलं, येणार नाही. मी असते तर आले नसते. तो सायकलवर आला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि नालीत उतरला. पायानं चाचपत चाचपत एका जागी थांबला. “अठी खोदा.”

दीड हातावर जोड लागला. ट्यूबची पट्टी कुजून लोंबत होती, आणि फटीत काळा गाळ भरला होता. आजूबाजूच्या बाया पाहत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला आणि बाजूला जाऊन ओकली. हेच पीत होतो आपण. पुंडलिकरावांनी कुदळ हातात घेऊन फोटो काढून घेतला. कवडू तेव्हा नालीतच होता, घोट्यापर्यंत चिखलात, नव्या पाइपाचं तोंड धरून नव्या माणसाला जोड कसा बसवायचा ते दाखवत.

सगळं झाल्यावर तो चक्कीच्या पायरीवर पाय धूत बसला. मी रागानंच विचारलं, “कशाला आलात? हाकललं ना तुम्हाला? करू द्यायचं होतं त्यांचं त्यांना.”

त्यानं पायाचा चिखल खरवडून काढला, पुन्हा पाणी ओतलं. महिनाभरात मेघाचा एक फोन आला नव्हता. कुंताबाईनं केलेला तिनं उचलला नव्हता.

“पोरगी कधी ना कधी येईनच न, सिस्टर,” तो म्हणाला. “आल्यावर पाणी त हेच पेईन.”